मंदाची ओळ

त्या नव्या मुलीनं प्रश्न विचारला तेव्हा सत्यभामेच्या हातात खडू होता. उत्तर देऊन झालं तेव्हाही खडू हातातच होता, आणि मधल्या सगळ्या वेळात मंदा तिला एकदाही आठवली नव्हती. हे तिच्या लक्षात आलं ते खुर्चीवर येऊन बसल्यावर. सरांनी मान डोलावली, कुणीतरी चहा आला म्हणून दार उघडलं. जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं तिला झालं. प्रश्न साधाच होता. "पण मॅडम, तो विषाणू तिथंच का जातो?" हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या सासूनं तिला विचारला होता. सासूचे शब्द वेगळे होते, इतकंच. तेव्हापासून प्रयोगशाळेत कुणी नुसतं 'जागा' म्हटलं तरी तिचं लक्ष उडायचं. आणि आज ती फळ्याशी गेली होती, चांगली दहा मिनिटं बोलली होती, चित्रं काढली होती, एकदा विनोदही केला होता.

ती काय बोलली ते तिला शब्दाशब्दानं आठवत होतं, आणि तेच वाईट होतं. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग देणारा हा विषाणू. पेशीत शिरला की तो आपली प्रत डीएनएच्या भाषेत उतरवून घेतो. मग त्याच्यासोबत आलेलं एक एन्झाइम कोंबडीच्या डीएनएला छेद देतं आणि ती प्रत त्यात शिवून टाकतं, कायमची. आजारी कोंबडीची गाठ तपासली तर ती प्रत बहुतेक वेळा एकाच जनुकाशेजारी सापडते. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं जनुक. "म्हणून आपल्याला वाटतं, त्यानं ती जागा निवडली," ती म्हणाली होती. "पण तो लाखो पेशींत लाखो ठिकाणी पडतो. बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. एखाद्या पेशीत तो नेमका त्या जनुकाशेजारी पडतो, ती पेशी वेड्यासारखी वाढते, तिचीच गाठ होते, आणि आपण गाठच तेवढी कापून पाहतो. जळालेलं घर तेवढं पाहायचं आणि ठिणगीला त्या घराचा राग होता म्हणायचं!" मुली हसल्या होत्या. मग ती पुढं म्हणाली होती की तरी हे एन्झाइम अगदी आंधळं नाही. डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो. जिथं तो सैल सुटलेला असतो, जिथं पेशी तो वाचत असते, तिथं त्याचा हात पोचतो. आणि यंदाच परदेशातून एक निबंध आला आहे, काही जागांवर हा विषाणू पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, योगायोगानं बसेल त्याच्या कितीतरी पट. "का, ते अजून कुणालाच माहीत नाही," असं म्हणताना तिचा आवाज आनंदानं भरून आला होता. चांगला, न सुटलेला प्रश्न हाती लागल्याचा तो आनंद. तिला स्वतःच्या आवाजातला तो आनंद आता ऐकू येत होता आणि कानावर हात ठेवावेसे वाटत होते. चार वर्षांत मंदा अशी हातातून सुटली नव्हती. तिनं चहा न घेताच सरांना सांगितलं, घरी जाऊन येते. सरांनी विचारलं, "तुमसरला?" तिचं माहेर तुमसरचं, वडील केशवराव तिथल्या धानाच्या गिरणीत मुनीम होते, हे सरांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "नाही. एकोडीला. सासरी." आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं की आपण खरंच निघालो आहोत.

मेलगाडीत खिडकीशी बसून ती रात्रभर जागी होती की झोपेत होती, तिला सांगता आलं नसतं. मुलगी, मंदा, दोन वर्षांची होती तेव्हा सत्यभामा तिला सासूकडे ठेवून मुंबईला आली होती. डॉक्टरेटची जागा मिळाली होती. जागेश्वर, तिचा नवरा, लाखनीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. तोच म्हणाला होता, "तू जाय. मायजवळ राहीन पोट्टी. आम्ही आहोत ना." सासूनं, गिरजाबाईनं, एका शब्दानं विरोध केला नाही. उलट मंदाला कमरेवर घेऊन ती एस.टी.पर्यंत आली होती आणि बस हलल्यावर तिनंच मंदाचा हात धरून हलवला होता. तीन वर्षं मंदा एकोडीत वाढली. गावच्या तळ्याच्या, बोडीच्या, पाळीवर बसून म्हशी पाहायची, धानाच्या बांधीतून आजीच्या मागं मागं फिरायची, आणि सुट्टीत सत्यभामा आली की पहिले दोन दिवस तिला 'बाई' म्हणायची. पाच वर्षांची झाल्यावर सत्यभामेनं तिला मुंबईला आणलं. शाळेत घातलं. ते एक वर्ष. रविवारी ती मंदाला आपल्या संशोधन संस्थेत घेऊन जायची, गच्चीवर कोंबड्यांची खोली होती तिथं. आजारी कोंबड्यांची खोली वेगळी, कुलूपबंद. मंदाच्या ओंजळीत ती निरोगी पिल्लं द्यायची, नुकती अंड्यातून निघालेली. मंदा पिल्लू गालाला लावायची आणि एकोडीच्या भाषेत त्याच्याशी बोलायची, "तुही माय कोठी गेली? येते हो, येते." सत्यभामा दारात उभी राहून ते ऐकायची. त्या वर्षातलं दुसरं काही तिला इतकं स्वच्छ आठवत नाही.

मग नडग्यांवर निळे डाग. खेळताना लागलं असेल म्हणून तिनं तेल चोळलं. मग दात घासताना रक्त. मग ताप, आणि तपासणीनंतर डॉक्टर तिच्याकडे न बघता तिच्या पदवीकडे बघत बोलले, म्हणजे तिला इंग्रजीत, आकड्यांत, एका सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. ती मान हलवत राहिली. रक्ताचा कर्करोग, मुलांमध्ये होतो तो. औषधं आहेत. काही मुलं बरी होतात. मंदाचे केस गेले, चेहरा औषधांनी चंद्रासारखा फुगला, आणि मग ती खरंच बरी झाली. काही महिने ती शाळेतही गेली, डोक्याला रुमाल बांधून. आजार नुकताच कळला होता त्या दिवसांत कधीतरी, दवाखान्यात काढलेल्या रक्तातली एक नळी सत्यभामेनं मागून घेतली होती आणि प्रयोगशाळेच्या शीतपेटीत मागच्या बाजूला ठेवून दिली होती. कशासाठी, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. पेशींशी काम करणाऱ्या माणसाची सवय, असं ती मनाशी म्हणाली होती.

आजार परत आला तेव्हा गिरजाबाई एकटी मुंबईला आली. लुगड्याच्या गाठोड्यात तांदूळ आणि मोहाची फुलं घेऊन. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात राहायची, तिथंच जेवायची. एक दिवस तिनं गच्चीवरच्या कोंबड्यांची गोष्ट मंदाकडून ऐकली. मंदा कौतुकानं सांगत होती. गिरजाबाई बाहेर आली आणि सत्यभामेला म्हणाली, "तू ज्या कोंबड्या पायते, त्यायलेबी हाच रोग होते म्हणतेत. खरं का?" सत्यभामा म्हणाली, "हो, तसलाच. पण तो कोंबड्यांचा वेगळा असतो. माणसाच्या पेशीत तो शिरू शकत नाही. त्याला दारच नाही आपल्याकडं." गिरजाबाई म्हणाली, "एवढे लेकरं हायेत मुंबईत. मंग हिच्यातच कायले घुसला?" सत्यभामेनं कोंबड्यांबद्दल शिकलेलं सारं सांगून पाहिलं असतं, तरी ते उत्तर झालं नसतं.

मंदानंच म्हटलं, एकोडीला जाऊ. तिला घरी नेलं, आणि धान कापायला आलं होतं त्या दिवसांत ती गेली. दुपारी, आजीच्या मांडीवर. सत्यभामा तेव्हा पाणी आणायला आत गेली होती. त्यानंतर अंगणात बाया बसलेल्या असताना गिरजाबाई सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती आणि मोठ्यानं, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "तुह्या कोंबड्यायचाच रोग हाये हा. तूच आणून देला पोट्टीले. धडधाकट लेकरू नेलं तू माह्याजवळून." जागेश्वर बैलांच्या कोठ्याशी उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्या वेळी तिला वाटलं, तो आता म्हणेल, माय, असं नसते. तो विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला नाही. पण पुढेही कधी, उन्हाळ्यात नि दिवाळीत मुंबईला यायचा तेव्हाही, त्यानं तिला दोषही दिला नाही. येताना चिवडा आणायचा, नळाची गळती दुरुस्त करायचा, रात्री तिच्या खांद्यावर हात ठेवून झोपायचा. मंदाचं नाव निघत नव्हतं. हा माणूस आपल्याला सांभाळून घेतो आहे, असं ती समजत आली होती. त्याच्या गप्प राहण्यावर ती चार वर्षं जगली होती.

गाडी नागपूर सोडून पुढं निघाली तेव्हा उजाडलं होतं. ती डोळे मिटून बसली आणि तिला प्रयोगशाळेतली ती फिल्म दिसली. एकोडीहून परतल्यावर तिनं शीतपेटीतली नळी काढली होती. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, पण काय करते आहे ते कुणाला न सांगता. मंदाच्या रक्तातून डीएनए काढला. काचेच्या नळीत अल्कोहोलखाली तो पांढऱ्या धाग्यासारखा वर आला तेव्हा तिनं तो काचेच्या काडीवर गुंडाळून घेतला, नेहमी घेतात तसा. त्याचे तुकडे करून, जेलीत पळवून, कागदावर उतरवून तिनं त्यावर विषाणूच्या डीएनएचा किरणोत्सारी तुकडा सोडला, जो आपल्यासारख्याच तुकड्याला जाऊन चिकटतो. शेजारी आजारी कोंबडीचा डीएनए ठेवला, पडताळ्यासाठी. विषाणू असेल तिथं फिल्मवर काळी रेघ उमटते. फिल्म धुतली तेव्हा कोंबडीच्या ओळीत रेघ ठसठशीत आली होती. मंदाची ओळ कोरी होती. तिनं दुसरी फिल्म लावली, जास्त दिवस ठेवली. तिसरी लावली. शेवटी फिल्म सगळीच धुरकट झाली, पण मंदाच्या ओळीत काही आलं नाही. येणार नव्हतंच. हे तिला आधीपासून माहीत होतं, कुणाही विद्यार्थ्याला माहीत असतं. तरी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ती फिल्म ओली हातात धरून उभी असताना तिला जे वाटलं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सुटका वाटली नाही. तिला रेघ हवी होती. बारीक, फिकी, पण रेघ. आपल्या हातून झालं असतं तर ते निदान कुठूनतरी आलं असतं. त्याला वाट असती, दार असतं, गच्चीवरचा एक रविवार असता. कोऱ्या ओळीत मंदा कशानंच मेली नव्हती. नुसती मेली होती.

निर्दोष असल्याचा तो पुरावा तिनं एकोडीला कधी कळवला नाही. कळवणं म्हणजे मुलीच्या राखेवर उभं राहून आपली बाजू मांडणं, असं तिला वाटायचं. पण काल फळ्यासमोर मंदा हातातून सुटली आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटली, की एक दिवस हे सगळं नुसतं काम होऊन जाईल, आणि तिकडे ती म्हातारी मात्र खोटं उराशी धरून मरेल. गिरजाबाईला सांगायचं. एवढंच ठरलं होतं. पुढचं काही ठरलं नव्हतं.

भंडारा रोडला उतरून तिनं एस.टी. धरली. लाखनीला बस ट्रकांच्या रांगेमागं थांबली तेव्हा तिनं सवयीनं शाळेच्या दिशेला पाहिलं, पण रविवार होता, जागेश्वर गावीच असणार. साकोलीहून दुसरी बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, आणि हवेत पेंढीचा तो कोरडा, गोडसर वास होता. मंदाच्या केसांना तो वास यायचा. सत्यभामेनं खिडकीची काच लावून घेतली.

घराच्या अंगणात तिला पहिल्यांदा दिसली ती ताराचंदची बायको, सत्यवती. ताराचंद जागेश्वरचा धाकटा भाऊ. त्यांना मुलगी झाल्याचं जागेश्वरनं सांगितलं होतं. सत्यवतीनं लगबगीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "हे दोघंही भाऊ खळ्यावर हायेत. येतेत आता." बाळ ओसरीवर फडक्यावर पडलं होतं आणि रडत होतं. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर गिरजाबाई बसली होती, आणि ती बाळाला उचलत नव्हती. तिनं हात लुगड्याखाली घेतले होते. सत्यवतीनं येऊन बाळ उचललं, आणि सत्यभामेला आत नेऊन हळूच म्हणाली, "आत्याबाई हात लावत नाई पोरीले. झाल्यापासून एक डावबी घेतलं नाई. पीठ मळत नाई, सैपाकात येत नाई. आम्ही म्हणतो, घ्या ना, तं उठून चालल्या जातेत. मले वाटे, पोरगी झाली म्हणून. पण तसं नाई. दुरून पायतेत नं रडतेत."

सत्यभामा ओसरीवर सासूजवळ जाऊन बसली. म्हातारी फार वाळली होती. गालफडं आत गेली होती, पण डोळे तेच होते, माणसाला जागच्या जागी धरून ठेवणारे. "आली का," गिरजाबाई म्हणाली. जणू ती काल गेली होती.

"आत्याबाई, मी तुम्हाला एक गोष्ट सांगाले आली." इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात आपसूक तुमसरची बोली आली.

"मलेबी तुले पुसाचं हाये," गिरजाबाई म्हणाली. "पयले मी पुसतो. तू शिकलेली हायेस. तूच सांगशीन." तिनं लुगड्याखालून हात काढले आणि मांडीवर उताणे ठेवले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "मंदी माह्याजवळ होती तवा तिच्या डोक्शात लगित उवा झाल्या होत्या. रात्रभर खाजवे. रक्त निंगे. घरी धानावर माराची पावडर होती, किडीची. मी ते तिच्या डोक्शात चोळली. फडकं बांधलं. उवा मेल्या. मंग उवा झाल्या का मी चोळो. लय डाव. तिले झोप लागे, मी खुश हो. मागच्या साली शेतकीवाला आला चावडीत. म्हणे, हे जहर हाये. हाताले लागू देऊ नका, लेकराइले दूर ठेवा. मी तिथून उठून आली." तिचा आवाज कुठंही अडखळला नाही. कितीदातरी मनात म्हणून झालेलं ती बोलत होती. "मी तुले चारचौघात बोलली तवा मले हे मालूम नोव्हतं. आता तू सांग. तुह्या कोंबड्यायचा होता का माह्या हाताचा?"

सत्यभामेच्या अंगातून काहीतरी गरम वर चढलं. डोक्यात. कोवळ्या टाळूवर. फडकं बांधून. तिला क्षणभर समोरच्या उताण्या हातांवर दगड घालावासा वाटला. तीन वर्षं! आणि मला म्हणालीस, धडधाकट लेकरू नेलं. मग तिच्यातला विचार करणारा दुसरा भाग, कधीच न झोपणारा, शांतपणे म्हणाला: माहीत नाही. पावडरीनं होतं का? माहीत नाही. तसं काही लोक म्हणतात, तसा पुरावा अजून कुणाकडं नाही. गावोगाव बाया लेकरांच्या डोक्याला ती चोळतात, आणि ती लेकरं मोठी होतात. कशानं झालं, हे कुणीही कधीही सांगू शकणार नाही. ती हेच सांगू शकत होती. आणि गिरजाबाईला त्यातलं एकच ऐकू गेलं असतं. कोंबड्या नव्हत्या. कोंबड्या नसल्या तर मग हे हात होते. मंदाच्या कोऱ्या ओळीनं सत्यभामेला सोडवलं असतं आणि ते सगळं उचलून इथं, या दोन तळव्यांवर आणून ठेवलं असतं. ओसरीच्या आत बाळ पुन्हा रडायला लागलं. गिरजाबाईची बोटं त्या आवाजासरशी आखडली.

"कोंबड्यांचाच होता," सत्यभामा म्हणाली.

गिरजाबाईनं मान वर केली.

"मी तपासून पाहिलं, आत्याबाई. मंदाचं रक्त होतं माझ्याजवळ. त्यात कोंबड्यांचा विषाणू सापडला. माझ्याच कपड्यांवरून गेला असेल, नाही तर त्या पिल्लांपासून. तुमच्या पावडरीचं काही नाही. तुम्ही तेव्हा बोलल्या, ते खरं होतं." खोटं इतकं सरळ निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. प्रयोगाचे सगळे टप्पे तिनं सांगितले. जे खरं केलं होतं तेच सांगितलं, शेवट तेवढा बदलला. "काळी रेघ आली होती," ती म्हणाली. "स्पष्ट."

म्हातारीनं डोळे मिटले. मग ती तोंडावर पदर धरून आवाज न करता रडली, फार वेळ. सत्यभामेला वाटलं, आता ती शिव्या देईल, हाकलून लावेल. ती तयार होती. पण गिरजाबाईनं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं बाळाचं रडणं थांबलं. दारातून सत्यभामेला दिसलं ते इतकंच, की सत्यवती कोपऱ्यात उभी राहून तोंड दाबून रडते आहे, आणि म्हातारीच्या खांद्यावर बाळाचं काळंभोर डोकं टेकलेलं आहे, आणि म्हातारी त्या डोक्यावरून हात फिरवते आहे, अगदी जपून, जणू तिथं भाजलं आहे.

ती वळली तेव्हा जागेश्वर अंगणात उभा होता. अंगाला धानाचं कूस चिकटलेलं, हातात टोपी. तो कधी आला होता ते तिला कळलं नाही. पण त्याच्या उभं राहण्यावरून तिला कळलं की त्यानं ऐकलं आहे, सगळं. "चाल," तो म्हणाला. "साकोलीची गाडी येते आता. तुले थांबाचं नसंन इथं."

ते दोघं गावाबाहेरच्या थांब्याकडे चालत गेले. तो एक पाऊल पुढं होता. तिला त्याची मान दिसत होती, उन्हानं रापलेली. ज्या एका माणसानं आपल्याला कधी दोष दिला नव्हता, तोही आपण आज आपल्या तोंडानं घालवला. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. म्हातारीचे हात पाहिले, बाळाचं रडणं ऐकलं, आणि ती बोलून गेली होती. थांब्याशी पुलाच्या कठड्यावर ती बसली. तो उभाच राहिला.

"खरं होतं का ते?" त्यानं विचारलं.

"नाही," ती घाईनं म्हणाली. "नाही हो. उलट आहे. मी तपासलं ते खरं, पण काहीच निघालं नाही. मंदाची ओळ कोरी होती. तीनदा पाहिलं मी. कोंबड्यांचं काही नव्हतं. मी खोटं बोलली."

"मग मायले कायले तसं सांगितलं?"

"त्या पावडरीपायी." तिला वाटत होतं, आता त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेल. "त्यांना वाटते, मंदा पावडरीनं गेली. उवांसाठी चोळायच्या त्या डोक्यात. त्या बाळाले हात लावत नाहीत. मी खरं सांगितलं असतं तर सगळं त्यांच्यावरच गेलं असतं ना."

समोरच्या बांधीत कुणाची तरी गुरं सुटली होती, पेंढीत तोंड घालत होती. जागेश्वर त्यांच्याकडे बघत होता. मग तो तिच्याशेजारी कठड्यावर बसला, हळूहळू, म्हाताऱ्या माणसासारखा.

"मायले ते पावडर मीच देली होती," तो म्हणाला. "धानासाठी लाखनीहून आणली होती. माय म्हणे, उवा जात नाई, काय करू? मी म्हणलं, हे चोळ, आमच्या शाळेतल्या पोराइच्या माया चोळतेत. मीच म्हणलं. विज्ञानाचा मास्तर." त्यानं हातातली टोपी कठड्यावर ठेवली. "मंदी गेली तवा मले डब्यावर 'विष' म्हणून वाचलं होतं ते आठवलं. त्याच दिवशी. माय तुले बोलली, तवा मी कोठ्याजवळ उभा होतो. मी मनात म्हणलं, बरं झालं. कोंबड्यायचं निंगालं तं बरं." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "चार वर्सं मी तुह्यासोबत जेवलो, झोपलो. तू समजे, मी तुले संभाळतो."

सत्यभामेनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा हात थंड होता, भर दुपारी. तिला सांगायचं होतं की कुणालाच माहीत नाही. पावडरीनं झालं असं नाही, झालं नाही असंही नाही. अशा हजारो गोष्टी पडत असतात लेकरांवर, त्यातली कोणती कुठं जाऊन बसली ते मागं वळून शोधता येत नाही. तिनं ते सांगितलंही. "आपल्याला कळणार नाही, जागेश्वर," ती म्हणाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. "कुणालाच कधी कळणार नाही."

"हव," तो म्हणाला. "तेच तं."

धुरळा उडवत एस.टी. आली, थांबली. कंडक्टरनं दार उघडून दोघांकडे पाहिलं, घंटी वाजवली, आणि गाडी निघून गेली. धुरळा खाली बसेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

"मलेबी सांग ना," जागेश्वर म्हणाला.

"काय?"

"मायले सांगितलं ते. कोंबड्यायचं. पुरं सांग, पयलेपासून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. हात मांडीवर ठेवून, मान थोडी खाली घालून तो वाट पाहत होता. मग तिनं सुरुवात केली, की शीतपेटीत मागच्या बाजूला एक नळी होती, ती मी बाहेर काढली. आणि सांगत सांगत ती शेवटाशी आली तेव्हा म्हणाली, रेघ आली होती, काळी, अगदी स्पष्ट. जागेश्वरनं मान हलवली आणि तिचा हात घट्ट धरला.